बावीस नंबरचा डबा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई एके दिवशी उंबऱ्यातच थांबल्या. त्यांच्या नवऱ्याला क्षयरोग निघाला होता. "ताई, मी आत येऊ ना?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या पोटात कसंसंच झालं. त्यांना आत घेतलं, बसवलं, चहा टाकला. त्यांनी पिशवीतून दवाखान्याचं कार्ड काढून दाखवलं. गोळ्या सहा महिन्यांच्या, फुकट. शिवाय महिन्याला हजार रुपये खात्यात जमा होणार होते. ते कशासाठी, हे त्यांना नीट उमगलं नव्हतं. औषध फुकट आहे, मग पैसे कशाचे?

"खाण्याचे," मी म्हटलं. "नुसत्या गोळ्यांनी माणूस बरा होत नाही. पोटात अन्न लागतं."

त्यांचा विश्वास बसला नसावा. पण ते खरं आहे. भूक आणि क्षय यांचं नातं डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, सरकारी हिशेबात मात्र ते यायला २०१८ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी एप्रिलपासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिना ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून त्याचे १,००० झाले. झारखंडमधला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसं धान्य आणि डाळ मिळाली, तर त्या घरात नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी खाली येतं, असं त्यात दिसलं. ती बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. आमच्या घरात हा प्रयोग १९८२ साली होऊन गेला होता. तो करणाऱ्या माणसाचं नावसुद्धा आम्हाला माहीत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. डॉ. दत्ता सामंतांच्या नावानं सगळं गिरणगाव भारून गेलं होतं. त्या संपाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, मी त्यात शिरत नाही. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, एवढं मात्र सांगायला हवं. "तुमचा संप अजून चालूच हाय," असं आई पुढं कितीतरी वर्षं आबांना चिडवायची. तेव्हा ती हसायची. १९८२ साली कुणी हसत नव्हतं.

आबा साचेखात्यात होते. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातले. लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही तीन भावंडं आणि आईची खानावळ. खानावळ म्हणजे पाटी लावलेली नव्हे. गावाकडची सात माणसं आमच्याकडे जेवायची. मुंबईत बायकामुलं आणण्याची ऐपत नसलेले हे गडी गाळ्यात पथारी टाकत आणि पाळी सुटली की जेवायला येत. गिरणगावात अशा खानावळवाल्या घरोघर होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं, तोवर त्यांना कुणी कामगार म्हणून मोजतही नसे. गिरणी चालायची ती भोंग्यावर असं म्हणतात. मी म्हणेन, ती या बायकांच्या तव्यावर चालायची. आई पहाटे चारला उठून चाळीस-पन्नास भाकऱ्या थापायची. पैसे पगाराला.

संप सुरू झाला तसा पगार थांबला, पण जेवण थांबलं नाही. दोन महिने आईनं सातही जणांना उधारीवर जेवू घातलं. वाण्याचं खातं तिच्या नावावर होतं, ते फुगत गेलं. मार्चमध्ये एकेक गडी गावाला निघाला. आईनं प्रत्येकाला वाटेसाठी भाकरी बांधून दिली, पैशाचा विषय काढला नाही. शेवटचा गेला त्या रात्री तिनं मोठी परात घासूनपुसून माळ्यावर टाकली.

आबांचा खोकला जुना होता. साचेखात्यात कापसाचे तंतू छातीत जातात, खोकला यायचाच, असं सगळे धरून चालत. एप्रिलमध्ये थुंकीतून रक्त पडलं. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला आणि आबांना शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात दाखल केलं. 'शिवडीला टाकलं' या शब्दांचा त्या काळी चाळीत एकच अर्थ होता. नळावर आमच्या हंड्याभोवती जागा सुटू लागली. धाकट्या भावाला खेळायला बोलावणं बंद झालं. कुणी तोंडावर काही बोललं नाही आणि मी आज त्यांना दोषही देत नाही. सगळ्यांच्याच घरात लहान मुलं होती, आणि त्या वर्षी कुणाचंच पोट भरलेलं नव्हतं. मात्र रोज दहा वेळा ज्यांच्या दारावरून जायचं, ते दार आपण दिसताच लोटलं जातं, हे पंधराव्या वर्षी फार लागतं.

आबा माळकरी. भिंतीवर विठोबा-रखुमाईची तसबीर, खाली फळीवर पितळी निरांजन. संध्याकाळचा दिवा आई कधी चुकवत नसे. आबांना शिवडीला नेलं त्याच आठवड्यात कधीतरी तो लागेनासा झाला. मी विचारलं तर म्हणाली, "त्याल फोडणीला घालू का दिव्याला, तूच सांग." ती देवाशी भांडली नाही, त्याला बोल लावला नाही. तिनं फक्त तेल वाचवलं. मला ते भांडणापेक्षा जास्त भीतिदायक वाटलं.

आई दादरला दोन घरची धुणीभांडी करू लागली. सकाळचा डबा शिवडीला पोचवणं माझ्याकडे आलं. लालबागहून काळाचौकी आणि तिथून शिवडी, चालतच. रुग्णालयात दूध, अंडी, जेवण मिळायचं. तरीही डबा लागायचा. औषध लागू पडू लागलं की क्षयाच्या माणसाची भूक खवळते. पहिले दोन महिने अन्नावरून हात फिरवणारे आबा जूनमध्ये डब्याची वाट बघू लागले, आणि नेमका तेव्हाच डबा हलका होत गेला. एके दिवशी त्यात एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. तीही अर्धीच होती. उरलेली अर्धी भावानं खाल्ली होती.

त्या दिवशी पाऊस होता. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर एक म्हातारा बसला होता. धोतर, काळी टोपी, मांडीवर चार पुडांचा डबा. त्यानं मला हाक मारली.

"पोरी, तुझं कोण आहे आत?"

"आबा."

"आमचा बावीस नंबरला आहे. आज त्याला जेवण जात नाहीये. हा डबा भरलेला परत नेला तर म्हातारी मला घरात घ्यायची नाही. तुझ्या आबांना घाल. माझ्यावर उपकार होतील."

उपकार होतील, असं म्हणाला तो. मला काय बोलावं सुचेना. त्यानं माझ्या डब्यात चार पोळ्या, डाळ आणि दोडक्याची भाजी ओतली. स्वतः आत आला नाही. "या पायऱ्या चढवत नाहीत, गुडघे धरलेत," म्हणाला.

मग हे एक दिवस आड होऊ लागलं. दर वेळी कारण वेगळं. आज बावीस नंबरला ताप आहे. आज त्याचं पोट बिघडलंय. आज म्हातारीचा अंदाज चुकला. त्या पोळ्या नेहमी आबांना लागतील त्यापेक्षा जास्त असायच्या. आबा दोन-तीन काढून परत डब्यात ठेवत, त्या घरी भावंडांच्या पानात पडत. आषाढी एकादशीला आबांनी उपास करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तर त्या दिवशी डब्यात उकडलेली रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू निघाले. आबांच्या गळ्यातली माळ म्हाताऱ्यानं कधी बघितली कुणास ठाऊक.

आईला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिचा चेहरा उतरला. सात माणसांना दोन वेळा जेवू घालणारी बाई ती. तिच्या नवऱ्याच्या पानात परक्याची पोळी. "कोण, कुठला, काय नाव?" तिनं विचारलं. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. नाव विचारलं की म्हातारा म्हणायचा, "मी बावीस नंबरचा. तेवढं पुरे." एकदा तो घाईत होता म्हणून त्याचा एक पूडच माझ्याकडे राहिला. आईनं तो राखेनं लख्ख घासला आणि घेऊन उभी राहिली. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. घरात होतं काय? शेवटी तिनं पाट्यावर लसूण आणि सुकी मिरची वाटली आणि मूठभर चटणी त्यात घातली. परवा दिवशी म्हातारा म्हणाला, "तुझ्या आईला सांग, चटणी फर्मास. म्हातारीनं बोटं चाटली." आईनं हे माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

१८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं. नायगाव, वरळी पेटली, लष्कराला बोलावलं. रस्त्यांवर दगडांचा खच, दुकानांच्या फळ्या बंद. आईनं मला सोडलं नाही, स्वतः डबा घेऊन गल्लीबोळातून शिवडीला गेली. परत आली ती गप्प. म्हातारा बाकावर होता, म्हणाली. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. पायीच आला असणार. "एवढ्या गडबडीत कशाला आलात, बाबा?" असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "पोर उपाशी राहील ना."

गणपतीत आमच्या चाळीचा प्रसाद मी घेऊन गेले. म्हातारा त्या दिवशी दिसला नाही. म्हटलं, निदान बावीस नंबरला तरी द्यावा. इतके दिवस त्याचं जेवण आपण खातोय. आजवर मी कधी त्या टोकाला गेले नव्हते. बावीस नंबरवर आजमगढचा एक पोरगा होता, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा. प्रसाद हातात घेऊन तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमचे आजोबा आज आले नाहीत का?" मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, "मेरा यहां कौन है? मेरे पास तो कोई नहीं आता."

मी आबांकडे आले. आबांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना समजलं. बावीस नंबरला म्हाताऱ्याचा मुलगा होता. फेब्रुवारीत गेला, आबा तिथं दाखल व्हायच्याही आधी. सिस्टरनं आबांना हे जूनमध्येच सांगितलं होतं.

"तुझ्या आईला बोलू नगंस," आबा म्हणाले. "ती घ्यायची न्हाई."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. माझ्यानं राहवलं नाही. आई पोळपाट पुसत होती, ती पुसतच राहिली. मग शेजारच्या काकूंकडे गेली आणि भांडंभर ज्वारीचं पीठ उसनं घेऊन आली. एप्रिलनंतर त्या दाराची कडी तिनं पहिल्यांदाच वाजवली होती. काकूंनी पीठ दिलं. वर गुळाचा खडा दिला.

दुसऱ्या दिवशी आईनं कामाला दांडी मारली. पिठलं, भाकरी, लसणाची चटणी असा डबा भरला आणि मला घेऊन शिवडीला आली. म्हातारा बाकावर होता. आई त्याच्यासमोर फरशीवर बसली.

"बाबा, रोज तुमी देता. आज माझ्या हातचं घरी न्या. आजींसाठी."

"अगं, मला कशाला..."

"न्हाई म्हणू नगा. सात गड्यांचं जेवण करनारी बाई हाय मी."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. "कळलं होय तुला," म्हणाला.

"व्हय."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो टोपी काढून हातात फिरवत सांगू लागला. "तिचा हात आवरत नाही बघ. चौदा महिने त्याचा डबा केलान. पोरगा गेला, मी म्हटलं, आता दोघांचंच कर. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिघांचं. बोललो तर रडते. टाकायचं कुठं? म्हणून घेऊन निघायचो. निघालं की पाय इकडंच वळायचे. पायऱ्या तेवढ्या चढवत नाहीत."

आईनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं घेतला.

त्या संध्याकाळी आईनं फोडणीच्या तेलातलं चमचाभर तेल निरांजनात घातलं आणि दिवा लावला. धाकटा भाऊ ओरडला, "आई, दिवा!" जणू वीज आली होती. आई काही बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही.

ही गोष्ट चाळीत पसरली. भजनी मंडळाचे बुवा मुद्दाम खोलीवर आले. दामाजीपंतांनी मंगळवेढ्याच्या दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली, तेव्हा विठू महाराचं रूप घेऊन प्रत्यक्ष विठ्ठल दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून आला, ती कथा त्यांनी सांगितली. म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडंही तोच येऊन गेला. ओळखलं नाहीत." सगळ्यांनी हात जोडले. आईनं जोडले नाहीत.

"देव कशाला, बुवा?" ती म्हणाली. "देवाला काय, त्याला कुठं रांधायला लागतंय. ह्यो म्हातारा हुता. त्याचं गुडघं दुखत हुतं. त्याची म्हातारी सकाळी उठून पोळ्या लाटत हुती, आन् तिचा पोरगा मेला हुता."

बुवांना ते फारसं रुचलं नसावं. मला मात्र आईच्या त्या दिव्याचा अर्थ तिथं थोडासा कळला, आणि पुढं वय वाढत गेलं तसा आणखी कळत गेला. मी देवळात क्वचितच जाते. आईच्या दिव्याला मात्र आजवर कधी नावं ठेवली नाहीत.

त्यानंतर दोन्हीकडचे डबे चालू राहिले. त्याच्या पोळ्या इकडं, आईची चटणी, कधी मेथीची मोकळी भाजी तिकडं. आजमगढच्या पोरालाही त्यातलं मिळू लागलं. आईचं घासणंपुसणं, वाटणघाटण पूर्वीच्या वेगानं सुरू झालं. दिवाळीच्या जरा आधी आबा घरी आले. गोळ्या दीड वर्ष चालल्या. त्या काळी तेवढ्या घ्याव्या लागत. आम्हा तिघा भावंडांपैकी कुणालाही क्षय झाला नाही. गिरणीनं आबांना परत घेतलं नाही, कारण ती गिरणीच राहिली नाही. काही वर्षं ते एका गोदामावर राखणदार होते, मग गावी गेले. २००४ साली वारले, ते वयोमानानं.

म्हाताऱ्याचं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. आबा घरी आल्यावर महिन्याभरानं आई डबा घेऊन शिवडीला गेली, तर बाक रिकामा. सिस्टर म्हणाली, पंधरा दिवसांत आलेला नाही. बोलता बोलता तो कधी तरी घोडपदेवचं नाव घेऊन गेला होता, म्हणून एका रविवारी आबा आणि आई तिथल्या चाळी हिंडून आले. पण विचारणार काय? नाव माहीत नाही, आडनाव नाही, मुलाचंही नाव नाही. "ज्यांचा मुलगा शिवडीला वारला, असे एक म्हातारे," असं आई दारोदार सांगत होती. अशी घरं एक नव्हती. एका बाईनं म्हणे दोघांना आत बोलावून पाणी दिलं आणि स्वतःच्या मुलाची हकिकत सांगत बसली. आई-आबा ती ऐकून परत आले. म्हाताऱ्याच्या डब्याचा एक पूड तेव्हा आमच्याकडेच होता. तो आईनं शेवटपर्यंत वापरला, मीठ ठेवायला.

तर घरकामाच्या बाईंचं सांगत होते. त्यांचे हजार रुपये यायला वेळ लागणार होता. कसला तरी कागद खात्याला जोडायचा राहिला होता. त्या आठवड्यात मी कणीक जरा जास्त मळली. पोळ्या, उसळ असा डबा भरला आणि म्हटलं, "आज अंदाज चुकला हो माझा. उद्या शिळं होईल. तेवढं घेऊन जा, मला टाकायला नको." त्यांनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पिशवी उघडली.

दुसऱ्या दिवशी डबा घासून परत आला. आत चार हिरव्या मिरच्या आणि एक लिंबू होतं.